पुढचे सहा दात

रंगपटातल्या आरशासमोर उभं राहायचं, ओठ दोन्हीकडं ताणायचे, पुढचे दात डावी-उजवीकडून न्याहाळायचे आणि मग आम्हा सगळ्यांकडं वळून म्हणायचं, "दिसतंय तेवढं लखलखीत हाय, गड्या. मागचं कोण बघाय येतंय?"

प्रवेशाची घंटा होण्याआधी आमच्या मुख्य नटाचा हा सोहळा रोज ठरलेला. मी त्या नाटक कंपनीचा शिंपी होतो. कपड्यांच्या पेट्या, जरीचे काठ, सुया, दोरे हे माझं राज्य, आणि या माणसाला पीतांबर नेसवणं हे माझं रोजचं प्राक्तन. निऱ्या घालायला पुढ्यात बसलो की तो वरून काहीतरी बोले आणि त्याचा श्वास माझ्या डोक्यावर उतरे. मी श्वास रोखून निऱ्या घालायला शिकलो. तुमच्यापैकी कोणी साचलेल्या गटाराशेजारी दुकान चालवलं असेल तर त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

कंपनीत त्याला देव म्हणत, कारण तो कृष्णाचं काम करी. मालकांनी तशी पद्धतच पाडली होती. पोस्टरवर देव, पंगतीत देव, बैलगाडीत बसायला जागा द्यायची तर आधी देव. मीही देवच म्हणत असे. मनात काय म्हणत असे ते इथं लिहिण्याजोगं नाही.

गडी मूळचा जतच्या पलीकडच्या एका वाडीतला. घरी भाऊ मेंढरं राखत होते. लहानपणी कानडी भजनं ऐकून ऐकून याचा गळा तयार झाला होता, आणि गळा होता हे मी नाकारणार नाही. रंगमंचावर उभा राहिला की शुद्ध, घोटीव मराठी बोलायचा, एक अक्षर इकडचं तिकडं व्हायचं नाही. विंगेत आला की, "शिंप्या, तंबाकू हाय का रं?" मला सगळे शिंपीबुवा म्हणत. तो एकटा शिंप्या म्हणायचा.

आणि हसणं. त्या हसण्यावर कंपनी चालली होती असं मालक म्हणत. गाणं संपताना तो मान किंचित वाकडी करून हसे आणि पुढचे दात दिव्याच्या उजेडात असे चमकत, की औंधच्या यमाईच्या यात्रेत बायका लेकरांना उचलून दाखवत. बासरी तो कधी ओठाशी धरतच नसे. कमरेशी धरायचा. ओठाशी धरली तर दात झाकतील ना.

त्या सहा दातांची निगा मात्र बघण्यासारखी होती. सकाळी बाभळीच्या कोळशाची पूड, तुरटी आणि मीठ. मग माझ्याकडून मलमलची चिंधी मागून घ्यायची आणि देवळातली घंटा घासावी तसे ते वरचे सहा दात घासायचे. खालचे घासायचा नाही, ते हसताना दिसत नसत. दाढांकडं तर त्याचं बोट उभ्या जन्मात गेलं नसावं. मटणाच्या शिरा, सुपारीचे तुकडे, तंबाखू, सगळं तिथंच मुक्कामाला. अगदीच टोचायला लागलं की माझ्या सुया टोचायच्या गादीतली सुई काढून दात कोरायचा आणि तशीच परत गादीत खोचून ठेवायचा. त्या सुईनं मी जरी शिवायचो. मी दोनदा बोललो. तो म्हणाला, "देवाच्या तोंडातली सुई हाय. परसाद समज."

अशा माणसाला काय म्हणावं? अंगणात सडा-रांगोळी आणि मागच्या दारी उकिरडा. फरक इतकाच, की उकिरड्याचं निदान खत तरी होतं.

राधेचं काम करणाऱ्या बाई मिरजेच्या होत्या. गुणी बाई, कुणाला वावगं बोलायच्या नाहीत. युगुलगीताला निघताना त्या गालात लवंग धरत आणि गाणं सुरू झालं की मान फिरवून पदराआड तोंड लपवत. प्रेक्षकांना वाटे, काय ही लाज. सांगलीच्या एका वर्तमानपत्रात तर राधेच्या सलज्ज अभिनयाची तारीफ छापून आली होती. देवानं ती मोठ्यानं वाचून घेतली आणि म्हणाला, "समोर आमी असल्यावर लाजंल न्हाई तर काय करंल?" बाईंनी माझ्याकडं बघून आणखी एक लवंग गालात सरकवली.

रक्त यायचं ते निराळंच. चूळ भरली की पाणी गुलाबी. हे लोकांना कळू नये म्हणून तो सकाळपासून विडा तोंडात ठेवी. कोणी विचारलंच तर पिंक टाकून म्हणे, "पानाचा रंग हाय त्यो. कात चांगला लागलाय." पानाआधीच्या चुळीलाही हाच रंग असतो हे त्याची घागर भरणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं.

तर सांगलीच्या मुक्कामात दातांचे एक डॉक्टर आमच्या खेळांना येत. मुंबईत शिकून आलेले, नाटकाचे वेडे, पुढच्या रांगेत बसणारे. एका संध्याकाळी ते खेळाआधी रंगपटात आले. देवाला वाटलं, शाल घेऊन आले असतील. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस मी तुमचं गाणं ऐकतोय आणि तुमच्या हिरड्या बघतोय. जरा तोंड उघडा."

देवानं आधी पुढचे सहा दात दाखवले. डॉक्टर म्हणाले, "ते पाहिले. बाकीचे." मग त्यांनी हात धुऊन बोटानं हिरडी दाबली. बोटाला रक्त लागलं. देव लगेच म्हणाला, "पानाचा रंग हाय." डॉक्टरांनी बोट रुमालाला पुसलं आणि तो रुमाल त्याच्यापुढं धरला. "पानाचा रंग मला ओळखता येतो," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजही शब्दाशब्दानं सांगू शकतो, कारण त्यांनी ते माझ्या पेटीतला दोरा मागून, माझ्याच तोंडात करून दाखवलं. देव तोंड उघडून बसायला तयार नव्हता. मी पांढरा रेशमी दोरा काढला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून मेणावरून ओढला. त्यांनी तो माझ्या दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळायला लावला आणि दोन दाढांच्या फटीत हळूच उतरवायला सांगितला.

"करवतीसारखा खसकन ओढायचा नाही, हिरडी कापेल. दाताच्या अंगाला बिलगून वर-खाली करायचा. आता शेजारच्या दातालाही तसंच. घासून जे निघतं ते समोरचं आणि वरचं. फटीत जे बसतं तिथं दातवणही जात नाही आणि बोटही जात नाही. तिथं ते कुजतं, हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी दाताला सोडून मागं सरते. दात चांगला असतो हो, किडकाही नसतो. त्याला धरणारं कोणी उरत नाही म्हणून पडतो."

मी दोरा बाहेर काढला आणि डॉक्टर म्हणाले, "वास घ्या." घेतला. माझं तोंड मी स्वच्छ समजत होतो. काय वास होता ते सांगत नाही, जेवणाआधी कोणी वाचत असेल.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. पहिले काही दिवस रक्त येईल, घाबरून सोडू नका. हिरडी आजारी आहे म्हणून येतं, दोऱ्यामुळं नाही. ती बरी झाली की आपोआप थांबेल."

डॉक्टर बाहेर गेल्यावर देवानं मांडी थोपटली. "आरं, दोऱ्यानं लेंगं शिवत्यात. दात कवापास्नं शिवाय लागलं?" सगळे हसले. तोही हसला, पुढच्या सहांनी.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गुपचूप माझ्याकडून हातभर दोरा नेला. डॉक्टरांनी गाण्याची स्तुती केली होती ना, तेवढ्यावर विरघळला होता. थोड्या वेळानं परत आला तो रागानं लालबुंद. दोरा माझ्या अंगावर फेकला. "रगात आलं. आगुदर येत न्हवतं तिथनं बी आलं. आवशिदानं कवा रगात येतंय व्हय? मी काय जळवा लावून घेतल्यात?"

"डॉक्टरांनी सांगितलंय की, पहिले काही दिवस येतं म्हणून," मी म्हटलं.

"तुला लय कळतंय. तू टाकं घाल, टाकं."

झालं. देवाचा आणि दोऱ्याचा संबंध तिथं संपला. मी मात्र धरून राहिलो. धर्म म्हणून नव्हे, या माणसाची खोड मोडायची म्हणून. रोज जेवणानंतर त्याच्यासमोर बसून मी दोरा घालायचो. तो तोंड फिरवायचा. आठवडा होता होता माझं रक्त थांबलं. महिन्याभरात सकाळी तोंडाला येणारी ती शिळी चव गेली. राधेच्या बाईंनीही माझ्याकडून दोरा मागून घेतला. कंपनीत दोनच माणसं रोज दोरा वापरत होती, आणि ज्याच्यासाठी तो पेटीतून निघाला होता तो विडा चघळत होता.

जर्मनीच्या लढाईमुळं रॉकेल मिळेनासं झालं आणि मालकांनी यात्रांमधून दुपारचे खेळ सुरू केले. तंबूचं छप्पर काढून नुसत्या कनाती ठेवायच्या, सूर्य हाच दिवा. तिथं देवाची पंचाईत सुरू झाली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात जे झाकलं जायचं ते उन्हात उघडं पडायला लागलं. वरची हिरडी आक्रसून दात लांब दिसायला लागले होते, मधल्या फटी काळ्या पडल्या होत्या. साताऱ्याच्या खेळात पुढं बसलेला एक पेन्शनर हवालदार शेजाऱ्याला म्हणाला, "किस्नाचं दात घोड्यावानी दिसाय लागल्यात की." देवानं ते ऐकलं. विंगेत येऊन त्यानं आरसा बराच वेळ तोंडासमोर धरला.

मग मला दिसायला लागलं, की तो भाकरी पुढून तोडत नाही. दुधात कुस्करून, डाव्या गालात सरकवून गिळतो. कणीस खायचं सोडलं. जिभेनं सारखं काहीतरी आतून चाचपायचा.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेला आम्ही पोचलो, त्याच दिवशी सकाळी तो माझ्या पेटीपाशी येऊन बसला. आवाज खाली. "शिंप्या, डागदरनं दावलेला त्यो दोरा हाय का?"

मला खरंच बरं वाटलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं. मी मेण लावलेला दोरा काढला.

"आनि लांब दे," तो म्हणाला. मग त्यानं ओठ वर केला. वरचा, अगदी मधला एक दात बोट लावताच पुढं-मागं हलत होता. "ह्याला शेजारच्या दोगांस्नी बांध. घट्ट. पांढराच दोरा घे, दिसाय न्हाई पायजे."

मी त्याच्याकडं बघत राहिलो. फटीत घालायला सांगितलेला दोरा हा माणूस दात बांधायला मागत होता.

"देव, सांगलीला डॉक्टरांकडं चला," मी म्हटलं. "आजचा खेळ मालकांना सांगून पुढं ढकलू."

"डागदर दात उपटंल," तो म्हणाला. "दात गेला की हसू गेलं. हसू गेलं की मालक ह्यो पीतांबर दुसऱ्याला नेसवंल. मग मी काय करू? मेंढरं राखू? आरं, पंधरा वर्सं झाली, घरी जाऊन मी मेंढराला हात लावल्याला न्हाई. मला दुसरं काय येतंय?"

पहिल्यांदाच तो माझ्याशी मिजास सोडून बोलला होता. म्हणून मी बांधला असं नाही. मालकांनी विचारलं असतं, देवानं मागितलं ते का दिलं नाहीस, म्हणून बांधला. एक वेढा या दाताला, एक त्या दाताला, मध्ये फुली, मागं गाठ. त्याच्या तोंडात माझी बोटं होती आणि तो डोळे मिटून, दोन्ही हातांनी माझं मनगट धरून बसला होता. शेजारचे दोन्ही दातही हलत होते, हे मला बोटांना कळलं. मी त्याला सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता.

दुपारी कनात भरली. पुढं बायका, कडेवर लेकरं, चिरमुऱ्याचे पुडे. दोन अंक ठीक गेले. तिसऱ्यात त्याचं मोठं गाणं. शेवटची तान तो लांबवायचा आणि त्या तानेतूनच हसण्यात उतरायचा. त्या दिवशीही तान लांबवली. गळा उत्तम लागला होता, वाईट वाटतं ते म्हणूनच. तानेच्या टोकाला तोंड मोठं झालं, आणि बांधलेला दात सुटून बाहेर आला. पडला असता तर एक वेळ बरं. तो दोऱ्याला लोंबकळत खालच्या ओठावर येऊन टेकला.

पुढची एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बया, देवाच्या तोंडात दावं हाय."

हशा पुढून मागं गेला. कनातीबाहेर उभे होते त्यांनाही, न बघताच हसू आलं. त्यानं पाठ फिरवली आणि चालत विंगेत आला. धावला नाही, ते मी पाहिलं. माझ्यासमोर उभा राहिला, तोंड उघडलं आणि म्हणाला, "काप."

मी कात्रीनं दोरा कापला. दात माझ्या तळहातावर आला. पांढराशुभ्र, कुठं कीड नाही, डाग नाही. डॉक्टर म्हणाले होते तसाच. त्याला धरणारं कोणी उरलं नव्हतं, एवढंच.

तो परत गेला आणि त्यानं बासरी ओठाशी धरली. खेळ संपेपर्यंत खाली घेतली नाही. भाषणं बासरीआडून म्हटली. शिटीसारखी हवा निघत होती, लोक हसत होते, आणि राधेच्या बाई, ज्यांनी इतकी वर्षं मान फिरवली होती, त्या दिवशी त्याच्यासमोर सरळ उभ्या राहिल्या. प्रेक्षकांना तो दिसू नये म्हणून मधे उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पीतांबर दुसऱ्याला नेसवायला मालकांनी मला सांगितलं. देव तोवर निघून गेला होता. आरसा घेऊन गेला नाही.

कंपनीत त्याच्या जाण्यानं कोणाला फार दुःख झालं असं मला आठवत नाही. मला तर नाहीच झालं. सुया जागेवर राहायला लागल्या, रंगपटात उदबत्तीचा वास यायला लागला. कुणी त्याची आठवण काढून हळहळलं की मी म्हणायचो, हाताशी औषध होतं, शिकवणारा दारात चालत आला होता, आणि या गड्याला सहा दातांपलीकडं स्वतःचं तोंड आहे हेच पटलं नाही. अशा माणसाची कीव कोणी आणि किती करायची? लढाई संपली, रॉकेल परत मिळायला लागलं, तरी मला त्याच्याबद्दल हेच वाटत होतं. आजही बरंचसं हेच वाटतं.

पुढं काही वर्षांनी कंपनीचा मुक्काम जतला पडला. सकाळी गडी कनातीचे खांब रोवत होते आणि मी पेट्या उन्हाला टाकल्या होत्या. एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर घोंगडं, गाल आत गेलेले, उपरण्याचं टोक तोंडावर धरलेलं. मला वाटलं, बघे असतात त्यातला.

"हाईस व्हय अजून?" तो उपरण्याआडून म्हणाला. आवाजावरून ओळखलं. शब्द मात्र नीट लागत नव्हते, ओठांतून निसटत होते.

"देव," मी म्हटलं, "बसा की."

बसला नाही. त्याची नजर माझ्या मागं गेली होती. नवा कृष्ण, साताऱ्याकडचा तरणा पोरगा, तोच जुना आरसा खांबाला टांगून दात घासत होता. कोळशाची पूड, मलमलची चिंधी, आणि पुढचे सहा. विडा शेजारीच लावून ठेवलेला. मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं. मालकांचा लाडका होता, मला शिंप्या म्हणायचा.

अकाली म्हातारा झालेला देव त्याच्याकडं गेला आणि हनुवटी धरून म्हणाला, "आ कर."

पोरगं बावरून माझ्याकडं बघायला लागलं. मी मान हलवली. त्यानं तोंड उघडलं. म्हाताऱ्यानं त्याच्याच तांब्यातल्या पाण्यानं अंगठा धुतला, आत घातला आणि मागची हिरडी दाबली. मग अंगठा बाहेर काढून त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

"तू अजून पान खाल्लेलं न्हाईस," तो म्हणाला.

पोरगं अंगठ्यावरच्या रक्ताकडं बघत राहिलं.

"शिंपीबुवा," तो माझ्याकडं वळून म्हणाला, "ह्याला दोरा द्या. रोज घालतोय का ते बी बघा."

मी पेटीतून रीळ काढेपर्यंत तो निघालाही होता. खेळाला थांबा म्हणून मी हाक मारली, त्यानं हातानंच नको म्हटलं. पोरगं दोरा बोटांना गुंडाळत विचारत होतं, कोण हो हे म्हातारं, कुठलं? मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. मी रस्त्याकडं बघत होतो. म्हातारा रस्ता सोडून माळाला लागला होता. माळ पार मोकळा. माणूस नाही, मेंढरू नाही, त्याच्याकडं बघणारं कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. तरी टेकाडापलीकडं जाईपर्यंत त्यानं उपरण्याचं टोक तोंडावरून काढलं नाही.